काटवनातली सकाळ: केबीआर उद्यानातील सोपी पक्षिनिरीक्षण फेरी

हैदराबादला नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांकडून मंडळाकडे एक विचारणा नेहमी येते. रविवारी सकाळी मुलांना आणि आई-वडिलांना सोबत नेता येईल, फार लांब नसेल, चढ-उतार फार नसतील आणि मॉलही नसेल, अशी एखादी जागा सांगा. आम्ही अशा वेळी कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यानाचे नाव सुचवतो. सगळे त्याला केबीआर पार्क म्हणूनच ओळखतात. बंजारा हिल्स आणि जुबिली हिल्स यांच्या मधोमध हे झुडपी जंगल शिल्लक आहे. दोन तासांत आरामात फेरी होते आणि नवख्या माणसालाही पंधरा-वीस जातींचे पक्षी सहज दिसतात.

मंडळातल्या पक्षिप्रेमी सभासदांनी या फेरीची माहिती एके ठिकाणी हवी, असे अनेकदा सुचवले होते. त्यानुसार हा लेख तयार केला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तो वाटाड्यासारखा उपयोगी पडावा आणि नेहमी जाणाऱ्यांनाही त्यात काही नवे सापडावे, एवढीच अपेक्षा आहे.

उद्यानाची ओळख

कासू ब्रह्मानंद रेड्डी हे १९६४ ते १९७१ या काळात आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री होते. त्यांचे नाव या उद्यानाला दिले आहे. त्याआधी हा सगळा परिसर निजाम घराण्याकडे होता. शेवटच्या निजामांचे नातू मुकर्रम जाह यांचा चिरान पॅलेस आजही उद्यानाच्या आत उभा आहे. १९९०च्या दशकात या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ जेमतेम १.४३ चौरस किलोमीटर आहे. ताडोबा किंवा मेळघाट पाहिलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. पण चारही बाजूंनी रस्ते आणि इमारती असलेल्या शहरात एवढा सलग तुकडा राहिला, हेच मोठे आहे.

उद्यानाच्या कुंपणाबाहेरून फरसबंदी पायवाट जाते. रोज सकाळी शेकडो लोक तिथे चालतात. पक्षी पाहायचे असतील तर मात्र मुख्य दारातून तिकीट काढून आत जावे. आतल्या वाटा मातीच्या, रुंद आणि बऱ्याचशा सपाट आहेत. गुडघेदुखी असलेले आमचे ज्येष्ठ सभासदही काठी घेऊन सावकाश फिरून येतात.

हे रान आपल्या ओळखीचे आहे

पहिल्या भेटीत अनेकांची थोडी निराशा होते. जंगल म्हटले की उंच झाडे, गर्द सावली आणि झरे डोळ्यांपुढे येतात. इथे खुरटी झाडे, काटेरी झुडपे, उघडे खडक आणि उन्हाळ्यात पिवळे पडलेले गवत दिसते. एका सभासदांनी तर आत शिरताच विचारले होते, "अहो, जंगल कुठे आहे?"

जंगल हेच. दख्खनच्या पठारावर पाऊस मध्यम, उन्हाळा कडक आणि माती उथळ. अशा ठिकाणी शुष्क पानझडी झाडे आणि काटवन हेच मूळचे रान असते. मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांना ते नवे वाटू नये. परभणी, नांदेड, बीड, धाराशिव इथल्या माळांवर आणि डोंगरउतारांवर हीच झाडे आहेत. कडुनिंब, पळस, बोर, बाभूळ, तरवड, वड, उंबर ही सगळी नावे आपल्या आजोळची. फरक पायाखालच्या खडकाचा आहे. मराठवाड्यात काळा बेसाल्ट, तर इथे गुलाबी-करडा ग्रॅनाइट. हैदराबादचे हे गोल गुळगुळीत धोंडे सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकातून घडले आहेत.

हा सारखेपणा इतिहासातही उतरला आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगणा एकाच हैदराबाद राज्यात होते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली. त्यांच्या पत्नी तेहमिना त्यांच्यासोबत होत्या. या पाहणीचा वृत्तांत १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज दोन राज्यांत विभागलेला हा मुलूख त्या पाहणीत एकाच संस्थानाचा भाग होता. पक्ष्यांसाठी तो अजूनही एकच आहे.

जाण्यापूर्वी

वेळ: सूर्योदयानंतरचा पहिला तास सर्वांत चांगला. ऊन चढले की पक्षी सावलीत शिरतात आणि आवाज थांबतात. उद्यान सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळातच उघडे असते. वेळ आणि तिकिटाचा दर बदलत असतो, म्हणून निघण्याआधी पाहून घ्यावे.

कसे जावे: मेट्रोच्या निळ्या मार्गिकेवरचे जुबिली हिल्स चेक पोस्ट स्थानक उद्यानाला लागूनच आहे. मुख्य दार मात्र तिथून थोडे दूर पडते. चालायचे नसेल तर स्थानकाबाहेर रिक्षा घ्यावी.

कपडे: मातकट, करडे किंवा हिरवे घालावेत. पांढरे आणि भडक रंग टाळावेत. बंद बूट हवेतच. वाटेवर काटे असतात आणि रानात सापही आहेत. वाट सोडली नाही तर सापांची भीती बाळगण्याचे कारण नाही.

सोबत: पाण्याची बाटली, टोपी, लहान वही, पेन्सिल. दुर्बीण असल्यास उत्तम. नवी घ्यायची असेल तर ८×४२ची घ्यावी. यातला पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण ऐकायला चांगली वाटते, पण नवख्याच्या हातात ती हलते आणि पक्षी सापडत नाही. दुर्बीण नसली तरी अडत नाही. या फेरीतले निम्मे पक्षी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात आणि बरेचसे कानांनी.

फेरी, टप्प्याटप्प्याने

दाराजवळची झाडे. आत गेल्यावर लगेच चालू लागू नये. मोठ्या झाडांखाली दहा मिनिटे शांत उभे राहावे. बहुतेक सकाळी पहिला ऐकू येतो तांबट. टुक्-टुक्-टुक् असा एकसुरी आवाज, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. पक्षी चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि गळ्याखाली लाल. शेंड्याच्या सुकलेल्या फांदीवर बसलेला असतो. आवाज खूप, दर्शन कमी, असा त्याचा खाक्या आहे. वड-उंबराला फळे आली असतील तर तिथे तो हमखास भेटतो. अशाच फळांवर कधी हिरव्या-पिवळ्या कबुतरांचा थवा दिसला तर ते हरियाल. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी.

याच भागात लालबुड्या बुलबुल, साळुंकी, पोपट आणि कोतवाल दिसतील. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल मुलांना ओळखायला सोपा जातो. तो घारीच्या मागे लागून तिला हाकलत असेल तर तो देखावा थांबून पाहावा.

झुडपांची वाट. पुढे वाट दोन्ही बाजूंच्या झुडपांमधून जाते. इथे नजर खाली ठेवावी. जमिनीवर पाचोळा उलटवत कलकलाट करणारी टोळी दिसली तर ते सातभाई. पाच ते दहा जणांच्या गटाने ते हिंडतात. एकाला धोका जाणवला की सगळे ओरडतात, आणि अशा वेळी शिक्रा, मुंगूस किंवा साप जवळपास असण्याची शक्यता असते. शेपटी उभारून दगडावर उड्या मारणारा, काळा आणि शेपटीखाली तांबूस असलेला पक्षी म्हणजे चिरक. काळा-पांढरा आणि गोड गळ्याचा तो दयाळ. झुडपाच्या आतून मोठ्या आवाजात टुविट-टुविट ऐकू आले तर शिंपी. एवढासा जीव इतका मोठा आवाज काढतो, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. तो पाने टाचून घरटे करतो म्हणून शिंपी.

वाटेवर तांबूस पंखांचा मोठा काळा पक्षी दबकत चालताना दिसेल. तो भारद्वाज. मराठवाड्यातल्या काही घरांत याला कुंभारकावळा म्हणतात. त्याचे दर्शन शुभ मानले जाते, त्यामुळे तो दिसला की आमच्या गटातली ज्येष्ठ मंडळी हमखास हात जोडतात.

खडक आणि मोकळी जागा. जिथे झाडी विरळ होते आणि मोठे धोंडे उघडे पडलेले आहेत, तिथे मोर दिसण्याची शक्यता जास्त. केबीआर मोरांसाठी प्रसिद्ध आहे आणि ते माणसांना फारसे बुजत नाहीत. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत मोर पिसारा फुलवून नाचतात. पावसाळा सरला की पिसारा झडतो. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावे. याच मोकळ्या पट्ट्यात गवतातून राखी तित्तराची खणखणीत हाक येते. उघड्या फांदीवरून झेप घेऊन हवेतच माशी पकडणारा आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसणारा हिरवा, सडपातळ पक्षी म्हणजे वेडा राघू.

परतीची वाट. परतताना कंटाळा येतो आणि गप्पा सुरू होतात. तरी झाडांच्या ढोल्या पाहत चालावे. एखाद्या ढोलीच्या तोंडाशी दोन पिवळे डोळे आपल्याला न्याहाळत असतील. तो पिंगळा. सोनपाठी सुतार खोडावर ठोकत वर सरकताना दिसतो. फुललेल्या झुडपांवर शिंजीर येतात. त्यांतला नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, सावलीत नुसता काळा दिसतो.

कोणत्या ऋतूत काय

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सर्वांत सोयीचा काळ. हवा थंड असते आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे असतात. हळद्या, धोबी, लहानसे माशीमार आणि पानापानांत सतत हलणारे पर्णवटवटे या दिवसांत भेटतात. पर्णवटवट्यांच्या जाती ओळखण्यात भलेभले गोंधळतात, त्यामुळे त्यांचे नाव सांगता आले नाही तर वाईट वाटून घेऊ नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. पानांशिवाय केशरी फुलांनी भरलेले एकच झाड निवडावे आणि त्याखाली अर्धा तास बसावे. साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, बुलबुल असे सगळे मध प्यायला तिथे येतात. चालण्यापेक्षा बसण्याने जास्त पक्षी दिसतात, हे पळसाखाली पटते.

एप्रिल-मे महिन्यांत ऊन फार. मात्र कोकीळ, दयाळ आणि पावशा यांचे आवाज याच दिवसांत असतात. पावशाचे ओरडणे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना "पेर्ते व्हा" असे ऐकू येते. शहरात वाढलेल्या नातवंडांना हे एकदा सांगून पाहावे, पुढच्या वेळी ती स्वतः ओळखतात. जूनमध्ये पावसाबरोबर चातक येतो. पावशा आणि चातक दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. म्हणजे ज्या रानात सातभाई नाहीत, तिथे "पेर्ते व्हा" सांगणाराही फार दिवस टिकणार नाही.

दोन भाषांतली नावे

या फेरीत तेलुगु भाषिक शेजाऱ्यांनाही सोबत घ्यावे, असा आमचा आग्रह असतो. त्यातून नावांची देवाणघेवाण होते. मोर म्हणजे नेमलि. पक्षी म्हणजे पिट्ट. आपण ज्याला सुतार म्हणतो त्याला तेलुगुत वड्रंगि पिट्ट म्हणतात आणि वड्रंगि म्हणजेच सुतार. दोन वेगळ्या भाषाकुळांतल्या लोकांनी एकाच पक्ष्याकडे पाहून एकच व्यवसाय आठवला, ही गोष्ट मुलांना फार आवडते.

वाटेवरचे पिवळ्या फुलांचे तरवड म्हणजे तेलुगुतले तंगेडु. बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीत त्याचे मानाचे स्थान आहे आणि ते तेलंगणाचे राज्यफूल आहे. आपली शमी म्हणजे इथली जम्मी, तेलंगणाचा राज्यवृक्ष. दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून देतो, इथे जम्मीची देतात.

आणि नीलपंख, ज्याला काही जण चास किंवा नीळकंठ म्हणतात, तो म्हणजे पालपिट्ट. तो तेलंगणाचा राज्यपक्षी. दसऱ्याच्या दिवशी त्याचे दर्शन शुभ मानण्याची इथे जुनी प्रथा आहे. प्रथा चांगली आहे, पण तिची एक वाईट बाजूही आहे. पक्षी पकडून, पिंजऱ्यात घालून, त्याचे दर्शन घडवून पैसे घेण्याचे प्रकार होतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा गुन्हा आहे. सभासदांनी अशा पिंजऱ्याला पैसे देऊ नयेत. दसऱ्याला शहराबाहेर जाऊन माळावर शोधावे. दिसला तर खरे दर्शन.

मुलांना मराठी नावे सांगण्याचा आग्रह आम्ही का धरतो, तेही सांगितले पाहिजे. आपली मुले शाळेत इंग्रजी, तेलुगु आणि हिंदी शिकतात. घरातली मराठी बहुधा जेवण, अभ्यास आणि रागावणे यांपुरती उरते. होला, मनोली, खाटीक, रातवा, टिटवी हे शब्द घराच्या चार भिंतींत वापरण्याची वेळच येत नाही. ते वापरायला रान लागते. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोशा'त ही नावे जपलेली आहेत, पण कोशातून शब्द तोंडात यायचा तर तो पक्षी समोर दिसला पाहिजे.

पडीक म्हणजे काय

आता थोडे आमच्याच एका चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी मंडळाने पावसाळ्यात वृक्षारोपण करायचे ठरवले. शहराच्या कडेची एक मोकळी, खडकाळ जागा निवडली. गवत, बोरीची झुडपे, थोडे तरवड, बाकी दगड. आम्हा सगळ्यांच्या मते ती पडीक जागा होती. तिथे गुलमोहर आणि करंज लावून ती हिरवी करायची, असा आमचा बेत होता. पहिला खड्डा खणायला घेतला तेव्हा दोन टिटव्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागल्या. आमच्यातल्या एक आजी परभणीकडच्या. त्या म्हणाल्या, "थांबा रे पोरांनो, तिची अंडी असतील इथं." शोधले तर खड्ड्यापासून चार पावलांवर, खड्यांच्या मधोमध, खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी होती. घरटे असे काही नव्हतेच.

त्या दिवशी आम्ही कुदळी गुंडाळून परत आलो. पुढच्या काही रविवारी तिथे नुसते पाहायला गेलो. तित्तर, चंडोल, खाटीक आणि वेडा राघू दिसले, तारेवर एकदा नीलपंखही. जी जागा आम्ही रिकामी समजत होतो ती भरलेली होती. दाट झाडे लावली असती तर यांतले बहुतेक पक्षी तिथून गेले असते, कारण त्यांना मोकळे रान आणि झुडपेच लागतात. वृक्षारोपण आम्ही बंद केले नाही. आता ते वसाहतींमध्ये आणि रस्त्याकडेला करतो, माळावर करत नाही.

'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर तो आधारलेला आहे. मोर आणि कोकीळ यांची स्थिती त्यात चांगली आढळली. माळराने आणि मोकळ्या जागांवर राहणाऱ्या पक्ष्यांची मात्र घट झालेली आहे आणि त्यांत आपला नीलपंखही आहे. म्हणजे केबीआरमध्ये मोर भरपूर दिसतात म्हणून सगळे ठीक चालले आहे, असे समजता येत नाही.

हैदराबादमध्ये हा प्रश्न कागदावरचा नाही. केबीआरच्या भोवतालच्या चौकांत उड्डाणपूल बांधण्याच्या योजनेत झाडे तुटणार म्हणून २०१६ मध्ये नागरिक रस्त्यावर उतरले होते. २०२५च्या वसंतात हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली इथल्या सुमारे ४०० एकर जमिनीवर यंत्रे चालू लागली, विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला. कांचा म्हणजे चराईचे रान, आपण ज्याला कुरण म्हणतो ते. वाहतूक कोंडीचा त्रास आपल्यालाही होतो आणि आपल्यापैकी अनेकांच्या नोकऱ्या याच वाढत्या शहरामुळे आहेत. त्यामुळे या वादात कोणी कोणती बाजू घ्यावी हे मंडळ सांगणार नाही. पण जागेविषयी बोलताना "तिथे काय आहे, नुसती झुडपे तर आहेत" हे वाक्य निदान आपल्या तोंडून येऊ नये, असे आम्हाला वाटते.

हाच विचार उद्यानातही लागू पडतो. सुकलेले झाड दिसले की ते काढून टाका म्हणून तक्रार करणारे लोक असतात. तांबट आणि सुतार आपली ढोली अशाच वठलेल्या लाकडात कोरतात आणि नंतर तीच ढोली इतर पक्ष्यांच्या उपयोगी पडते. पाचोळा झाडून काढला तर सातभाईंनी किडे कुठे शोधायचे? अर्थात इथले सगळेच झुडूप मूळचे नाही. घाणेरी अमेरिकेतून आली आणि तिने बरीच जागा व्यापली. बुलबुलच तिची फळे खाऊन बिया पसरवतात. सीताफळही मूळचे अमेरिकेचेच, पण ते इतके रुळले की 'बाळानगर' हे इथल्या वाणाचे नाव महाराष्ट्रातल्या बागायतदारांच्याही तोंडी आहे. काय काढायचे आणि काय ठेवायचे हे वनखात्याच्या जाणकारांवर सोपवावे. आपण आपल्या नजरेला पसारा दिसतो म्हणून साफसफाईची मागणी करू नये.

काही पथ्ये

एका गटात दहाहून अधिक माणसे नसावीत. आमच्या पहिल्या फेरीला तीस जण आले होते. डबे, गप्पा, फोटो सगळे झाले, पक्षी मात्र कावळ्यापलीकडे दिसला नाही.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून तो घरटे सोडून धावत येतो. विणीच्या काळात हे पिल्लांच्या जिवावर बेतते.

मोरांना, खारींना काहीही खायला घालू नये. दाणे, बिस्किटे, चपाती, काहीच नको.

मोराचे पीस पडलेले दिसले तरी उचलू नये. राष्ट्रीय उद्यानातली कोणतीही वस्तू बाहेर नेता येत नाही. मुलांना हे दारातच सांगावे, म्हणजे आत रडारड होत नाही.

घरटे सापडले तर त्याच्यासमोर थांबू नये आणि फांदी बाजूला करून फोटो काढू नये. आपण गेल्यावर कावळा तिथे येतो.

प्लॅस्टिक आत नेऊ नये. नेलेच तर परत आणावे.

नोंद ठेवा

घरी आल्यावर वहीत तारीख, वेळ आणि दिसलेले पक्षी लिहून ठेवावेत. ओळखता न आलेल्या पक्ष्याचा आकार, चोच, शेपटी आणि तो काय करत होता, एवढे लिहिले तरी पुरते. 'ईबर्ड' या मोफत अ‍ॅपवर यादी भरली तर ती अभ्यासकांना उपयोगी पडते. वर उल्लेख केलेला अहवाल सामान्य लोकांच्या अशाच याद्यांवर उभा राहिला आहे. 'मर्लिन' हे अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवते, पण ते चुकतेही. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर पक्के धरू नये.

पहिल्या दिवशी सात पक्षी ओळखता आले तरी पुष्कळ झाले. तांबट, सातभाई, चिरक, शिंपी, वेडा राघू, भारद्वाज आणि मोर. हे सात नीट ओळखू लागलेल्या माणसाला आठवा पक्षी वेगळा आहे हे आपोआप कळते. केबीआर झाल्यावर चिलकूरचे मृगवनी आणि वनस्थळीपुरमचे महावीर हरिण वनस्थळी ही दोन राष्ट्रीय उद्यानेही याच प्रकारच्या रानाची आहेत. दुसऱ्या ठिकाणी काळवीटही पाहायला मिळतात.

आणि घराजवळ एखादा खडकाळ, झुडपी तुकडा शिल्लक असेल तर आधी तिथे जाऊन उभे राहावे. सकाळी सहा वाजता, दहा मिनिटे, न बोलता. त्या जागेला पडीक म्हणायचे की नाही, ते मग ठरवावे.